एक पंख, दोन पंख

समोरचा एक दात पडला आहे. त्या जागी झिर्कोनिया या भक्कम सिरॅमिकचा दात बसवायचा आणि शेजारच्या एकाच दाताच्या मागे तो पातळ पंखाने चिकटवायचा. दुसरी बाजू मोकळी. जर्मनीत कील येथे मात्थियास केर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे १०८ ब्रिज बसवले आणि २०१७ साली त्यांचा हिशेब मांडला. दहा वर्षे टिकण्याचे प्रमाण निघाले ९८.२ टक्के.

यामागे एक जुनी चूक आहे. पूर्वी असे सिरॅमिक ब्रिज दोन्ही शेजाऱ्यांना चिकटवत; दोन आधार बरे, असाच सगळ्यांचा समज. पण चावताना दोन दात सारखे हलत नाहीत आणि ताण सगळा सिरॅमिकच्या सांध्यावर येतो. काही ब्रिज एका बाजूने तुटले, तरी उरलेल्या पंखावर तोंडात वर्षानुवर्षे टिकून राहिले. मग मुद्दामच एक पंख ठेवून पाहिले. ॲल्युमिना सिरॅमिकच्या ३८ ब्रिजचा दहा वर्षांचा निकाल २०११ साली आला: दोन पंखांचे ७३.९ टक्के, एका पंखाचे ९४.४ टक्के.

आता दोन्ही बाजूंना कॅप असलेला नेहमीचा ब्रिज घेऊ. ४० अभ्यास एकत्र करणाऱ्या २०१५ च्या आढाव्यात पाच वर्षांनंतर टिकलेल्यांचे प्रमाण असे आहे: धातूवर सिरॅमिक ९४.४ टक्के, झिर्कोनिया ९०.४, बळकट केलेले काच-सिरॅमिक ८९.१, ॲल्युमिना ८६.२. झिर्कोनियाचा आतला सांगाडा क्वचितच मोडतो. तसे घडल्याचे प्रमाण १.९ टक्के, तर ॲल्युमिनाचे १२.९. तरीही झिर्कोनिया धातूच्या मागे पडला, कारण वरच्या थराचे टवके उडतात आणि सिमेंटची पकड सुटते. झुरिकच्या २००७ च्या अभ्यासात पाच वर्षांनी ९७.८ टक्के सांगाडे शाबूत होते, पण ब्रिज टिकले ७३.९ टक्केच. २१.७ टक्के ब्रिजखाली कीड लागली होती. सुरुवातीच्या यंत्रांवर कोरलेले ते सांगाडे दातावर नीट बसत नव्हते. म्हणून ‘झिर्कोनिया तुटत नाही’ एवढ्यावर भुलू नये. खालचा दात किडला तर वरचा भक्कम ब्रिज काय कामाचा?

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आकडा वेगळाच आहे. समोरच्या दातावर पूर्ण कॅप बसवायची तर दिसणाऱ्या दाताचा ६३ ते ७२ टक्के भाग तासून जातो; चिकटवण्याच्या ब्रिजला किंवा पातळ पापुद्र्याला (व्हिनियरला) ३ ते ३० टक्के. एका पडलेल्या दातासाठी दोन धडधाकट दात असे झिजवणे मला पटत नाही. तासलेला दात पुन्हा वाढत नाही.

मात्र हा चिकटवण्याचा सगळा खेळ इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थराच्या, पकडीवर आहे आणि इथेच पाण्यातील फ्लोराइडचा प्रश्न येतो. भूजलात फ्लोराइड जास्त असलेल्या हरियाणातील जिल्ह्यांत पानिपतचे नाव आहे. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालते, दुसरे पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी आठएक वर्षांपर्यंतच्या मुलाने पीत राहिल्यास तयार होणाऱ्या इनॅमलची घडण बिघडते. पांढरे पट्टे, तपकिरी डाग, पुढे खड्डे. डाग ठळक असतील तर अशा इनॅमलवर चिकटवण्याआधी लावायचे आम्ल नीट चरत नाही आणि चिकटवलेल्या ब्रिजची पकड कमकुवत होते. मग डॉक्टरांना वरचा थर किंचित घासावा लागतो, आम्ल जास्त वेळ ठेवावे लागते, कधी ब्रिजचा प्रकारच बदलावा लागतो.

हे डाग लहानपणच्या पाण्याचे असतात, आज नळाला येणाऱ्या पाण्याचे नव्हे. तेव्हा पानिपतात वाढलेल्याने असो की यवतमाळहून पुण्याला आलेल्याने, ब्रिज ठरवण्याआधी डॉक्टरांना आपले लहानपणीचे गाव आणि तिथे प्यायलेले पाणी विहिरीचे, बोअरचे की नळाचे, हे जरूर सांगावे.