लाखेतील विषाची पारख : प्रयोगशाळा काय पाहते?

पुसद परिसरात तूर व हरभरा ही प्रमुख कडधान्ये होत. लाख अथवा लाखोळीचे खरे क्षेत्र विदर्भाच्या पूर्वेस, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत आहे. तेथे धानाच्या उभ्या पिकात, बांधीत ओल असतानाच बी फेकून हे पीक उतेरा पद्धतीने घेतात. नांगरट नाही, पाणी देणे नाही. त्यामुळे अल्पभूधारकास ते आधाराचे वाटते. तथापि तुरीच्या डाळीत व बेसनात लाखेची भेसळ होत आल्याने पुसदच्या शेतकरी बंधूंनीही या विषयाची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

रोग व त्याचे कारण

लाख हेच अनेक महिने मुख्य अन्न झाले, तर काही माणसांचे पाय ताठरतात व कायमचे अधू होतात. सुश्रुतसंहितेत ‘कलायखंज’ या वातव्याधीचे वर्णन आहे. आधुनिक वैद्यक याच प्रकारच्या रोगास लॅथिरिझम म्हणते. १९६१ साली केंद्र शासनाने लाखेच्या विक्रीवर बंदी घातली व ती लागू करणे राज्यांवर सोपविले. पुढे १९६४ मध्ये बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा व शर्मा या शास्त्रज्ञांनी लाखेच्या बियांतील विषद्रव्य वेगळे करून त्याची रचना प्रसिद्ध केली. त्यास संक्षेपाने बीटा-ओडॅप म्हणतात. मज्जातंतूंमध्ये निरोप पोहोचविणाऱ्या ग्लुटामेट या द्रव्याची ते नक्कल करते. त्यामुळे पेशी प्रमाणाबाहेर उत्तेजित होऊन नष्ट होतात.

उजवा हात व डावा हात

आपले दोन्ही हात सारखेच दिसतात. परंतु उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट बसत नाही. एक हात दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब होय. कित्येक रासायनिक द्रव्यांचीही अशी दोन रूपे असतात. चिंचेत आढळणाऱ्या टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे असे दोन प्रकारचे स्फटिक लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये हाताने निवडून वेगळे केले होते. ओडॅपच्या या दोन रूपांस एल व डी अशी नावे आहेत. लाखेचे झाड एल रूप तयार करते, आणि मज्जातंतूंस अपाय करणारे रूपही तेच होय.

याखेरीज अल्फा-ओडॅप हे एक भावंड आहे. ते प्रतिबिंब नव्हे. त्यात अणूंचा एक गट निराळ्या जागी जोडलेला असतो. पाण्यात उष्णता दिल्यास बीटाचा काही भाग या सौम्य अल्फा रूपात बदलतो.

परीक्षणाच्या पद्धती

नेहमीच्या पद्धतीत बियांच्या पिठाचा अर्क कॉस्टिक पोटॅशबरोबर तापवितात, नंतर ऑर्थो-थॅलाल्डिहाइड मिसळतात व उमटणाऱ्या पिवळ्या रंगाची तीव्रता रंगमापकावर मोजतात. ही पद्धत स्वस्त असून बियाण्याचे शेकडो नमुने तपासण्यास सोयीची आहे. परंतु अल्फा व बीटा, एल व डी ही सर्व रूपे तिच्या दृष्टीने एकच. ध्रुवणमापकाने दोन प्रतिबिंबरूपे ओळखता येतात. मात्र त्यास शुद्ध द्रव्य पुरेशा प्रमाणात लागते.

यासाठी तीन उपाय आहेत. पहिला, स्वतः एकाच हाताचे असलेले अभिकर्मक विषाला जोडणे. १९८४ साली मार्फी यांनी सुचविलेले अभिकर्मक या जातीचे आहे. ते जोडल्यावर दोन्ही रूपांची ‘प्रतिबिंब’ ही जोडी मोडते व द्रव-वर्णलेखन यंत्राच्या नळीतून ती निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात. दुसरा, नळीतच सायक्लोडेक्स्ट्रिनसारखा पदार्थ ठेवणे. तो एका रूपास दुसऱ्यापेक्षा अधिक धरून ठेवतो. तिसरा, ग्लुटामेट ऑक्सिडेज या विकराचा उपयोग करणे. हे विकर बीटाच्या एल रूपावर क्रिया करते व अल्फास स्पर्श करीत नाही. मात्र ते ग्लुटामेटवरही क्रिया करीत असल्याने ते द्रव्य आधी वेगळे काढावे लागते.

शेतकऱ्यास याचा उपयोग

कच्च्या बियांसाठी रंगाची पद्धत बहुधा पुरते. भिजवलेल्या, शिजवलेल्या वा भाजलेल्या मालाच्या बाबतीत मात्र केवळ एकूण आकडा पाहून माल निर्धोक वा घातक ठरविणे योग्य नव्हे. अहवालात कोणत्या रूपाचे मोजमाप केले आहे, हे अवश्य विचारावे.

लाख घेणाऱ्यांनी रतन, प्रतीक व महातिवडा यांसारख्या अल्पविषारी वाणांचे खात्रीचे बियाणे वापरावे. कीटकांमुळे परपरागीभवन होत असल्याने देशी वाणाचे शेत जवळ असू देऊ नये. घरी लाख वापरली जात असल्यास ती गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे. तरीही विष पूर्णपणे जात नाही, म्हणून तिच्यावरच गुजराण करू नये. तुरीची डाळ घेताना पाचरीसारखे, एका बाजूने उतरते दाणे आढळल्यास नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे तपासणीस द्यावा. अधू झालेले पाय कोणत्याही औषधाने पूर्ववत होत नाहीत. म्हणून ही दक्षता आधीच घेणे श्रेयस्कर होय.