सामुदायिक आंतरजाल-जाळी
सामुदायिक आंतरजाल-जाळी : वस्तीतील रहिवाशांनी स्वतः उभारून चालविलेली इंटरनेट-जोडणीची व्यवस्था. हिच्यात छपरांवरील बिनतारी उपकरणे (नोड) एकमेकांकडे संदेश पोहोचवितात व बाहेरून घेतलेली जोडणी सर्वांना वापरता येते. उभारणीचे बरेचसे काम स्वयंसेवक करतात.

या कामाची पहिली प्रेरणा बहुधा उणिवेतून येते. कारण विरळ वस्तीत तारा नेणे कंपन्यांना परवडत नाही. स्पेनमधील कातालोनियाच्या ओसोना भागात २००४ साली सुरू झालेले गीफी.नेट असेच जन्मले. पुढे त्याचे नोड तीस हजारांवर गेले. नेपाळात महावीर पुन यांनी नांगी या डोंगरी गावापासून आरंभ केला. तेथे काही आकाशक (अँटेना) झाडांवर बांधलेले होते. पुन यांना २००७ चा मॅगसायसाय पुरस्कार मिळाला. बर्लिनच्या फ्रायफुंकसारख्या शहरी जाळ्यांत मात्र तांत्रिक कुतूहल आणि मुक्त संपर्काचा आग्रह यांचा वाटा मोठा आहे.

उभारणीचा उत्साह देखभालीस पुरतोच असे नाही. वर्धा जिल्ह्यातील काकडदरा (ता. आर्वी) या गावाने श्रमदानाच्या बळावर २०१७ च्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळविला, पण त्या कामास मुदत होती आणि साठलेले पाणी डोळ्यांना दिसते. जाळे चालू असताना कोणाच्या ध्यानी येत नाही, बंद पडले म्हणजेच त्याची आठवण होते. मग भर पावसातही कोणीतरी छपरावर चढावे लागते. अशा वेळी शेजारधर्म, गावातील मान व शिकण्याची संधी या गोष्टी कामी येतात; पण सारा भार एकदोघांवर पडला, तर त्याही पुरत नाहीत.

म्हणून गीफी.नेटने २००८ मध्ये प्रतिष्ठान स्थापून सशुल्क सेवा देणाऱ्या व्यावसायिकांनाही सामावून घेतले व त्यांच्यावर खर्चाचा वाटा ठेवला. महाराष्ट्रात, पालघर जिल्ह्यात, मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने तर शासन, खाजगी क्षेत्र व पंचायत यांच्या भागीदारीचा मार्ग स्वीकारून देखभाल स्थानिक तरुणांच्या मिळकतीशी जोडली. तो स्वयंसेवी जाळ्याचा शुद्ध नमुना नव्हे, हे खरे. परंतु टिकाऊपणाचा प्रश्न त्याने प्रथमपासून विचारात घेतला. मोझिलाच्या २०१७ मधील स्पर्धेत तो अग्रस्थानी आला.

भारतात २·४ गिगाहर्ट्‌झ पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे. २०२० च्या पीएम-वाणी योजनेने किराणा दुकानदारासही परवान्याविना सार्वजनिक वाय-फाय देण्याची मुभा दिली.