प्रयोगशाळेतील घरगुती इंग्रजी

काही वर्षांपूर्वी एका साप्ताहिकासाठी औषधांवरील एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करीत असता 'सिग्निफिकंट' हा शब्द माझ्यापुढे आला, आणि इंग्रजी चार इयत्ता शिकलेल्या कोणालाही तो ठाऊक असतो अशा भरवशावर, कोश उघडण्याची तसदी न घेता, त्याच्या जागी 'महत्त्वपूर्ण' हा शब्द ठेवून मी पुढच्या वाक्याला लागलो. अंक प्रसिद्ध झाल्यावर आठवड्याभरात संख्याशास्त्राच्या एका निवृत्त अध्यापकांचे पोस्टकार्ड आले. नमस्कार आणि स्वाक्षरी वगळता त्यात एवढाच मजकूर होता की, लेखात दिलेला फरक पाहता तो अगदीच किरकोळ दिसतो. त्यात आपणांस महत्त्वपूर्ण असे काय आढळले, ते कृपया कळवावे. कळवण्यासारखे माझ्यापाशी काहीच नव्हते.

शास्त्रीय इंग्रजीची अवघड जागा म्हणजे तिच्यातील लांबलचक ग्रीक-लॅटिन शब्द, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. मला तो खरा वाटत नाही. 'कॅथोड' हा शब्द वाचणाऱ्याला, तो आपल्याला समजलेला नाही, एवढे तरी निश्चित समजते, आणि म्हणून तो कोशाकडे वळतो. पण 'कंट्रोल', 'एरर', 'थिअरी', 'सिग्निफिकंट' ही मंडळी शेजारच्या बिऱ्हाडातील माणसांसारखी ओळखीचे हसू घेऊन येतात, आणि प्रयोगशाळेत गेल्यावर त्यांनी नाव तेच ठेवून धंदा मात्र बदलला आहे, याची वाचकाला दादही लागत नाही.

ग्रीक शब्दांचा तर जन्मदाखलाच उपलब्ध आहे. मायकेल फॅरेडे हा लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करून शहाणा झालेला. ग्रीकशी त्याचा परिचय नव्हता. विजेच्या योगाने पदार्थांचे विघटन करण्याच्या आपल्या प्रयोगांना नवी नावे हवीत म्हणून 1834 साली त्याने केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल या विद्वानाला पत्र घातले, आणि 'ॲनोड', 'कॅथोड', 'आयन' हे शब्द ह्यूएलने त्याच्या पदरात टाकले. 'सायंटिस्ट' हा शब्दही या ह्यूएलचाच, 1833 साली केंब्रिज येथे भरलेल्या शास्त्रज्ञांच्या परिषदेत 'आर्टिस्ट'च्या धर्तीवर सुचवलेला. तोपर्यंत अशा माणसाला इंग्रजीत निसर्गाचा तत्त्वज्ञ म्हणण्याची रीत होती, आणि नवा शब्द इंग्रजांना इतका गावंढळ वाटला की, पुढची कित्येक दशके भल्या भल्या शास्त्रज्ञांनी तो स्वतःला लावून घेण्यास नकार दिला.

घरगुती शब्दांना असा दाखला नसतो. त्यांची वंशावळ खणून काढावी लागते. 'कंट्रोल' हा शब्द कानी पडताच आपल्याकडील जुन्या माणसांना कंट्रोलचा तांदूळ आणि कंट्रोलचा भाव आठवतो. परंतु मूळ फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ, हिशेबाच्या मुख्य वहीसमोर ताळा पाहण्यासाठी धरलेली दुसरी यादी, एवढाच होता. आपल्या दफ्तरांत ज्याला रुजवात घालणे म्हणत, तेच हे काम. प्रयोगातील 'कंट्रोल ग्रुप' हा या जुन्या अर्थाशी इमान राखून आहे: एका गटाला औषध दिले तर, बाकी सर्व बाबतींत तसाच पण औषध न दिलेला दुसरा गट शेजारी ठेवायचा, आणि पहिल्याच्या जमाखर्चाची दुसऱ्याच्या जमाखर्चाशी रुजवात घालायची. 'नियंत्रित गट' हे त्याचे प्रचलित मराठी रूप वाचून, त्या गटातील माणसांना कोणीतरी दाबात ठेवले असावे, अशीच सामान्य वाचकाची कल्पना होते. 'तुलनागट' म्हटले तर काय बिघडते?

अशा दुसऱ्या वहीची किंमत किती, हे 1948 साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीवरून दिसून येते. युद्धानंतरच्या ओढगस्तीच्या दिवसांत हे औषध इतके दुर्मीळ होते की, सर्वांना ते देणे शक्यच नव्हते; तेव्हा फुफ्फुसाच्या क्षयाने आजारी असलेल्या 107 रोग्यांपैकी कोणाला ते द्यावे, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता बंद लिफाफ्यांतील चिठ्ठ्यांवर सोपवण्यात आले. 55 जणांच्या वाट्याला औषध व विश्रांती आली, 52 जणांच्या वाट्याला नुसती विश्रांती. सहा महिन्यांच्या अखेरीस पहिल्या गटातील 4 आणि दुसऱ्या गटातील 14 रोगी दगावले होते. यांतला 4 हा आकडा एकटा आपल्याला काहीही सांगत नाही. त्याला वाचा फुटते ती शेजारच्या 14 मुळे.

आता ज्याने माझी फजिती केली, त्या शब्दाकडे वळतो. 'सिग्निफिकंट' या शब्दाच्या पोटात 'साइन', म्हणजे चिन्ह, दडलेले आहे: ज्यावरून काही सूचित होते ते सिग्निफिकंट. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेतीसंशोधन केंद्रात 1919 साली दाखल झालेला संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर याने या शब्दाला जो काटेकोर अर्थ रूढ करून दिला, त्याचे सर्वांत सुबोध उदाहरण चहाच्या पेल्यात सापडते. तेथे म्यूरिएल ब्रिस्टल नावाच्या शैवालतज्ज्ञ बाई काम करीत. त्यांचे म्हणणे असे की, कपात दूध आधी ओतले की चहा आधी ओतला, हे आपल्याला नुसत्या चवीवरून ओळखता येते. दूध घालूनच चहा उकळणाऱ्या आपल्या लोकांना हा वाद निरर्थक वाटेल, पण इंग्रजांच्या घरी यावरून गंभीर मतभेद होतात. फिशरने 1935 सालच्या आपल्या ग्रंथात यावरून एक परीक्षा मांडली: आठ कप, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला, बाईंनी कोणते चार कोणत्या जातीचे, ते सांगायचे.

आठांतून चार कप निवडण्याचे प्रकार होतात 70, आणि त्यांपैकी बरोबर असतो एकच. म्हणजे जिला चवीतले काहीएक कळत नाही, अशी बाईसुद्धा केवळ नशिबाच्या जोरावर 70 पैकी एका खेपेस सर्व कप अचूक सांगून जाईल. एका दुधाच्या कपाची एका चहाच्या कपाशी अदलाबदल झाली तरी चालेल, अशी सवलत दिली, तर मात्र नशिबाने उत्तीर्ण होण्याचे प्रकार एकदम 17 होतात, म्हणजे जवळजवळ चारांत एक. आणि इतक्या सैल परीक्षेवर कोणाचाही दावा मान्य करता येणार नाही. केवळ योगायोगाने असा निकाल लागण्याची शक्यता विसांत एकाहून कमी असेल तर तो 'सिग्निफिकंट' मानावा, ही सोयीची मर्यादा फिशरने 1925 सालीच सुचवली होती, आणि शास्त्रव्यवहारात ती आज शिलालेखाप्रमाणे पाळली जाते. मर्यादा सोयीची होती, हे मात्र पुष्कळांच्या विस्मरणात गेले आहे. बाईंनी सर्व कप ओळखले, असे पुढे सांगण्यात येऊ लागले. खुद्द फिशरने ग्रंथात निकाल दिलेलाच नाही, कारण त्याला रस होता तो पुराव्याच्या रीतीत.

तेव्हा 'सिग्निफिकंट' याचा अर्थ इतकाच की, हा फरक निव्वळ योगायोगाचा असावा, असे मानणे कठीण दिसते. फरक मोठा आहे, उपयोगाचा आहे, याविषयी तो शब्द काहीही बोलत नाही. पुरेशी माणसे तपासली, तर मोहरीएवढा फरकही या अर्थाने सिग्निफिकंट ठरू शकतो. मराठी 'लक्षणीय' या शब्दात 'लक्षण' आहे, म्हणून व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्याच्याइतका चपखल प्रतिशब्द दुसरा सापडणार नाही. दुर्दैव असे की, वृत्तपत्रांनी 'लक्षणीय वाढ' म्हणजे 'पुष्कळ वाढ' असा अर्थ केव्हाच पक्का करून टाकला आहे.

'एरर'ची हकिगत थोडक्यात सांगता येईल. लॅटिनमध्ये त्याचे मूळ भटकण्यात आहे, आणि आपला 'भ्रम' व 'भ्रमण' हे शब्दही एकाच धातूपासून निघालेले आहेत. मोजमापातील 'एरर' म्हणजे कोणाची चूक नव्हे. तेच वजन त्याच काट्यावर दहा वेळा केले असता काटा खऱ्या आकड्याच्या आसपास जेवढा भटकतो, तेवढे अंतर. तेव्हा लेखात 'एरर' दिलेली पाहून संशोधकाने चुकीची कबुली दिली, असे समजू नये. ती दिलेली नसेल तरच संशय घ्यावा.

'हायपॉथिसिस', 'थिअरी' आणि 'लॉ' या तीन पायऱ्या असून अंदाज पक्का होत होत शेवटी नियमाच्या पदाला पोहोचतो, असे शाळेत शिकवले जाते. प्रत्यक्षात अशी बढती कोठेही होत नाही. गुरुत्वाकर्षणाविषयी न्यूटनने सांगितला तो 'लॉ', आणि आइन्स्टाइनने 1915 साली मांडली ती 'थिअरी'. परंतु बुध ग्रहाच्या कक्षेत शतकाला 43 विकलांचा जो फरक 'लॉ'ने उलगडेना, तो 'थिअरी'ने उलगडला. 'लॉ' काय घडते ते सांगतो, 'थिअरी' ते का घडते ते सांगते. ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थ पाहणे असा आहे, त्यामुळे ज्या अर्थाने आपण सांख्यदर्शन म्हणतो, त्या 'दर्शना'शी तिचे नाते जुळते. आपण मात्र तिला 'सिद्धांत' म्हणून बसलो, म्हणजे जे अखेर सिद्ध झाले ते. जुन्या लेखकांचा 'उपपत्ती' हा शब्द यापेक्षा पुष्कळ नेमका होता. 'हायपॉथिसिस'ला आपण 'गृहीतक' म्हणतो, हे तर त्याहून विपरीत. गृहीत धरणे म्हणजे विनाचौकशी मान्य करणे, आणि हायपॉथिसिस उभी केली जाते तीच मुळी चौकशीसाठी.

उलट दिशेनेही एक कबुली दिली पाहिजे. इंग्रजीत 'डिस्कव्हरी' आणि 'इन्व्हेन्शन' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि आपण दोहोंनाही 'शोध' या एकाच शब्दावर भागवतो: अमेरिकेचा शोध कोलंबसाने लावला आणि वाफेच्या आगगाडीचाही शोध कोणीतरी लावलाच. अमेरिका तेथे होतीच, आगगाडी कोठेही नव्हती. हा भेद भाषेने पुसून टाकला आहे.

शास्त्रीय निबंध छापण्यापूर्वी तो त्याच विषयातील अन्य जाणकारांकडून तपासून घेण्याच्या रिवाजाला इंग्रजीत जे नाव आहे, त्यातील 'पिअर' या शब्दाचा अर्थ बरोबरीचा असा आहे. उमराव सभेतील सभासदांनाही तोच शब्द लागतो. मराठीत मी त्यांना 'पंच' म्हणेन. गुरुत्वलहरी अस्तित्वातच नाहीत, असा निष्कर्ष काढणारा आइन्स्टाइनचा निबंध 1936 साली एका अमेरिकन नियतकालिकाने जेव्हा अशा पंचाकडे धाडला, तेव्हा आपण तो छापण्यासाठी दिला होता, कोणाला दाखवण्यासाठी नव्हे, अशी तक्रार करून त्याने तो परत घेतला. पंचाने दाखवलेली चूक खरी होती. पुढल्या वर्षी निबंध दुसरीकडे छापला गेला तो निष्कर्ष बदलून.

या सर्व नामांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती क्रियापदांची. शास्त्रज्ञ लिहिताना क्रियापदांची वजने सोनाराच्या गुंजांप्रमाणे वापरतो. 'सजेस्ट' म्हणजे असे दिसते, पण माझ्यावर फार विसंबू नका. 'इंडिकेट' त्याहून थोडे भारी. 'डेमॉन्स्ट्रेट' म्हणजे प्रत्यक्ष दाखवून दिले. आणि 'प्रूव्ह' हे तो बहुतेक गणितज्ञांसाठी सोडून देतो. वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएच्या रचनेवर 25 एप्रिल 1953 च्या 'नेचर'मध्ये जो जेमतेम पानभराचा निबंध लिहिला, त्यात आनुवंशिक द्रव्याची नक्कल कशी होत असावी, ही सर्वांत मोठी गोष्ट त्यांनी एका वाक्यात, आणि तीही दुहेरी नकाराच्या आडून, ओझरती उल्लेखली. आपल्या मथळ्यांत हा संकोच टिकत नाही. कॉफी पिणाऱ्यांत अमुक आजार कमी आढळला, एवढेच मूळ लेखात असते. भाषांतरात ते 'कॉफीमुळे आजार टळतो' असे होते, आणि 'मुळे' या दोन अक्षरी शब्दयोगी अव्ययात 'मूळ' बसलेले असल्याने, ज्याचा पुरावा कोणीही दिलेला नाही तो कार्यकारणभाव वाचकाच्या पदरी पडतो.

म्हणून शास्त्रवार्ता लिहिणाऱ्या माझ्या सहव्यावसायिकांना विनंती एवढीच की, 'सिद्ध झाले' असा मथळा देण्यापूर्वी मूळ निबंधातील क्रियापद एकवार पाहून घ्यावे. त्यासाठी सबंध निबंध वाचावा लागत नाही. ते बहुधा प्रारंभीच्या सारांशाच्या शेवटच्या एक-दोन ओळींत सापडते.