विश्लेषण : आश्रमशाळेत मुलांची बोली कोणाला कळते?

जूनच्या उत्तरार्धात राज्यातील आश्रमशाळा भरू लागतात. पत्र्याची पेटी, एक चादर आणि दोन-तीन कपडे घेऊन सहा-सात वर्षांची मुले पाड्यावरून निवासी शाळेत दाखल होतात. आई-वडील, घरचे जेवण आणि घरची भाषा या तिन्ही गोष्टी त्यांच्यापासून एकाच दिवशी दुरावतात. पहिल्या दोन गोष्टींची उणीव भरून काढण्यासाठी वसतिगृह, अधीक्षक आणि भोजन अशी काहीएक व्यवस्था आहे. भाषेचा प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी त्या-त्या शिक्षकाच्या समजुतीवर सोडलेला असतो. आदिवासी विद्यार्थ्यांची गळती, त्यांचे वाचन-गणित आणि त्यांचे आजारपण हे स्वतंत्र विषय मानून त्यांवर चर्चा होते. प्रत्यक्षात तिन्हींचे एक टोक या भाषेच्या प्रश्नात अडकलेले आहे.

आश्रमशाळा सुरू का झाल्या?

ठक्करबाप्पांनी १९२२ मध्ये दाहोद येथे भील सेवा मंडळाची स्थापना केली आणि भिल्ल मुलांसाठी आश्रम पद्धतीच्या निवासी शाळांचा पाया घातला. महाराष्ट्रात १९७२-७३ पासून राज्य शासनाने क्षेत्रविकासाच्या धोरणाखाली ही पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. आज आदिवासी विकास विभागाच्या सुमारे ५०० शासकीय आणि स्वयंसेवी संस्थांच्या सुमारे साडेपाचशे अनुदानित आश्रमशाळा आहेत. त्यांत चार लाखांहून अधिक मुले-मुली शिकतात. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ९.३५ टक्के होती. राज्याची साक्षरता तेव्हा ८२.३ टक्के होती, तर अनुसूचित जमातींची ६५.७ टक्के.

निवासी शाळेची गरज खोटी नाही. पाडे विखुरलेले, पावसाळ्यात ओढे-नाले ओलांडणे अवघड आणि दिवाळी सरली की आई-वडील कामाच्या शोधात बाहेर. रायगड-ठाण्याकडील कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात, नंदुरबारमधील अनेक कुटुंबे ऊसतोडीला. अशा घरातील मुलासाठी आश्रमशाळा हाच वर्षभर शिकण्याचा मार्ग उरतो. म्हणूनच कॅनडातील आदिवासी मुलांच्या निवासी शाळांशी आश्रमशाळांची सरसकट तुलना योग्य ठरत नाही. तेथे मुलांना घरापासून आणि संस्कृतीपासून तोडणे हेच धोरण होते. दीड लाखांहून अधिक मुले त्या शाळांतून गेली आणि त्यांच्या हालअपेष्टांची नोंद तेथील सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये अहवालात केली. आपल्याकडे पालक स्वतः मुलांना आणून सोडतात. तरीही शाळेच्या आवारात घरची बोली कमीपणाची ठरते, एवढे साम्य मात्र उरतेच.

वर्गात नेमके काय घडते?

महाराष्ट्रातील आदिवासी भाषा एका कुळातील नाहीत. भिली, पावरी, वारली, कातकरी या मराठी-गुजरातीच्या गोतावळ्यातील. गोंडी, माडिया, कोलामी द्राविडी कुळातील, म्हणजे तेलुगूच्या नात्यातील. मेळघाटातील कोरकू तर मुंडा गटातील, संथाली-मुंडारीच्या जवळची. पाण्याला गोंडीत ‘येर’ म्हणतात, कोरकूत ‘डा’. ‘पाणी’ हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्या या मुलांसाठी पहिलीचे मराठी पाठ्यपुस्तक हे परक्या भाषेचे पुस्तक असते. पण शिकवले जाते ते मातृभाषेचे म्हणून.

गणितात हा गुंता आणखी वाढतो. गोंडी मूल उंदी, रंड, मुंड, नालूंग असे मोजत येते. शाळेत त्याला आधी एक-दोन-तीन पाठ करावे लागते आणि मग ‘त्रेपन्न’सारखे शब्द समोर येतात, ज्यांत लिहिताना पाच आधी आणि बोलताना तीन आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असे संख्यावाचन आले, तेव्हा शहरांमध्ये मराठीवर घाला पडल्याची ओरड झाली. डॉ. मंगला नारळीकर यांच्या समितीचा हेतू मुलांची अडचण कमी करण्याचा होता. त्या वादात धडगाव किंवा भामरागडच्या दुसरीतील मुलाला हा बदल कसा वाटेल, हे विचारणारे फारसे कोणी नव्हते.

वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलांची अडचण वेगळी, आणि ती सहसा लक्षातही येत नाही. त्यांची भाषा मराठीच्या जवळची असल्याने शिक्षकाला ती वेगळी भाषा वाटत नाही, ‘अशुद्ध मराठी’ वाटते. गोंडी मुलाला निदान ‘याला मराठी येत नाही’ अशी सवलत मिळते. वारली मुलाचे प्रत्येक वाक्य मात्र दुरुस्त केले जाते. दहा वेळा दुरुस्ती झाली की मूल अकराव्यांदा बोलत नाही. मग ‘आदिवासी मुले लाजाळू असतात’ हा शेरा तयार होतो. हीच मुले मैदानावर किंवा नदीवर किती बोलतात, हे संध्याकाळी आवारात थांबणाऱ्या कोणालाही ऐकू येते.

गप्प मुलाला शाळेत एक वाट सापडते, ती म्हणजे फळ्यावरचे उतरवून घेण्याची. वळणदार अक्षरात भरलेल्या वह्या तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला समाधान देतात. त्याच वहीतील एका वाक्याचा अर्थ विचारला तर मूल खाली पाहते.

भाषेचा आरोग्याशी काय संबंध?

आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा प्रश्न गाजल्यानंतर डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. २०१६ मध्ये समोर आलेल्या तिच्या अहवालातील आकडा हादरवणारा होता : १५ वर्षांत हजाराहून अधिक मृत्यू. ताप, कावीळ, सर्पदंश, अपघात अशा मृत्यूंमागे डॉक्टर दूर असणे, वाहन नसणे, स्वच्छतेची दुरवस्था ही कारणे असतात आणि ती खरीच आहेत. पण उपचार सुरू होण्याआधी एक पायरी असते. मुलाने ‘मला बरे वाटत नाही’ असे सांगावे लागते आणि समोरच्याला ते कळावे लागते. पोट नेमके कुठे दुखते, रात्री काही चावले की नाही, लघवी कशी होते, हे आठ वर्षांच्या मुलाने परक्या भाषेत सांगावे ही अपेक्षाच अवास्तव आहे. ते अंथरुणात पडून राहते. आजार लक्षात येतो तेव्हा एक-दोन दिवस गेलेले असतात.

सिकलसेलचे उदाहरण आणखी बोलके आहे. नंदुरबार, गडचिरोली, अमरावतीच्या आदिवासी पट्ट्यात हा रक्ताचा आनुवंशिक आजार लक्षणीय प्रमाणात आढळतो. शरीरातील पाणी कमी होणे, थंडी आणि अतिश्रम यामुळे रुग्णाला हाडा-सांध्यांत असह्य वेदना होऊ शकतात. पहाटे थंड पाण्याने अंघोळ, मग कवायत आणि दुपारपर्यंत अपुरे पाणी, ही निवासी शाळेची नेहमीची दिनचर्या अशा मुलाला थेट वेदनेकडे नेते. कवायतीला न येणारा मुलगा ‘कामचुकार’ ठरतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आणि तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. तपासणीनंतर हाती येणारे कार्ड मुलाच्या पेटीत राहून उपयोग नाही. ते अधीक्षक आणि क्रीडाशिक्षक यांना ठाऊक हवे, गरम पाणी आणि पाण्याची बाटली त्या मुलाला न मागता मिळायला हवी. यासाठी वेगळा निधी फारसा लागत नाही.

मनाच्या आजारपणाची तर नोंदही होत नाही. आश्रमशाळांच्या व्यवहारात ‘पळून जाणे’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. पहिल्या महिन्यात एखादे मूल भिंत ओलांडून रानवाटेने घरी चालू लागते. परत आणल्यावर त्याच्याकडे शिस्तभंग म्हणून पाहिले जाते, प्रसंगी मारही बसतो. घरची आठवण हे त्याचे साधे कारण कुठल्याही रकान्यात बसत नाही. याउलट एका पाड्याची मुले एकाच खोलीत ठेवणे, धाकट्याला थोरल्या भावंडाजवळ झोपू देणे, आठवडी बाजाराच्या दिवशी आलेल्या पालकांना मुलाला भेटू देणे, हे अनेक अनुभवी अधीक्षक आपल्या अधिकारात करतात. मुलींच्या बाबतीत पाळीच्या दिवसांत आपल्या बोलीत बोलता येईल अशी एखादी बाई शाळेत असणे, हा अभ्यास चालू राहण्याचा आणि सुटण्याचा फरक ठरू शकतो. अनेक शाळांत अशी व्यक्ती असतेही. ती स्वयंपाकीण किंवा कामाठी असते. मुलांचे बोलणे जिला सर्वाधिक कळते, ती शाळेच्या उतरंडीत सर्वात खाली असते आणि मुलांविषयी तिला कोणी काही विचारत नाही.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेत १९५६ मध्ये समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५० (अ) भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे सांगतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्येही व्यवहार्य असेल तेथवर मातृभाषा हेच माध्यम असावे, अशी तरतूद आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्यतो किमान पाचवीपर्यंत हेच म्हटले. ‘प्रयत्न’, ‘व्यवहार्य’, ‘शक्यतो’ : तिन्ही ठिकाणी पळवाट तेवढी नेमकी ठेवलेली आहे. संथाली आणि बोडो या भाषा २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आल्या. गोंडी आणि भिली बोलणाऱ्यांची संख्या मोठी असूनही त्या बाहेरच राहिल्या.

मोहगावचा वाद काय आहे?

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मोहगाव ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल’ असे तिचे नाव. गोटूल ही गोंड समाजाची तरुणांना घडवणारी जुनी संस्था. तिचेच नाव शाळेला दिले यातच ग्रामसभेची भूमिका दिसते. शिक्षण विभागाने २०२२ मध्ये ही शाळा विनामान्यता असल्याची नोटीस दिली. मान्यतेविना शाळा चालवल्यास एक लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतर प्रतिदिन दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद शिक्षण हक्क कायद्यातच आहे. मातृभाषेचा आग्रह धरणारा कायदा मातृभाषेतील शाळेच्या विरोधात वापरला गेला. ग्रामसभेने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागितली. मान्यतेचे निकष इमारत, शिक्षकांची अर्हता यांसाठी असतात आणि मुलांच्या सुरक्षेसाठी ते लागतातच. पण गोंडीतून शिकवणाऱ्या शिक्षकाची अर्हता ठरवणारी यंत्रणा राज्याने उभी केली नसेल, तर त्या निकषावर नापास कोणाला करायचे, हा प्रश्न न्यायालयाबाहेरही शिल्लक राहतो.

याआधी कोणते मार्ग सापडले?

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत का येत नाहीत याचे उत्तर त्यांनी मुलांच्या दिवसातच शोधले. गुरे राखणाऱ्यांसाठी चराईच्या जागी ‘कुरणशाळा’ भरवली. धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणणारी ‘विकासवाडी’ काढली. नर्मदा खोऱ्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी, निमगव्हाण या गावांत जीवनशाळा सुरू झाल्या आणि त्यांत स्थानिक बोलीतील साहित्य, गावातीलच तरुण शिक्षक हा पाया राहिला. वसई-ठाणे भागात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. या प्रयोगांचा गौरव झाला, पुरस्कार मिळाले. सरकारी पद्धतीत मात्र त्यांतील ‘अंगणवाडी’ एवढा एक शब्द ठळकपणे रुजला.

सरकारी यंत्रणेला हे जमत नाही असेही नाही. ओडिशाने २००६-०७ मध्ये दहा आदिवासी भाषांत बहुभाषिक शिक्षण सुरू केले आणि पुढे भाषांची संख्या २१ वर नेली. मूल सुरुवातीला आपल्या भाषेत वाचू-लिहू लागते, ओडिया आणि इंग्रजी टप्प्याटप्प्याने येतात. त्यासाठी त्या-त्या भाषेचे शिक्षक नेमले गेले. मराठी आणि इंग्रजी आलीच पाहिजे, हा आदिवासी पालकांचा आग्रह रास्त आहे. या पद्धतीत तो डावलला जात नाही.

शिक्षक कोठून येणार?

खरी कसोटी भरतीत लागते. केंद्राच्या एकलव्य निवासी शाळांसाठी २०२३ च्या अर्थसंकल्पात ३८,८०० शिक्षक व कर्मचारी नेमण्याची घोषणा झाली. राष्ट्रीय पातळीवरच्या त्या परीक्षेत हिंदीच्या ज्ञानाची अट होती, मुलांच्या भाषेची नव्हती. परिणामी उत्तरेकडील राज्यांतले उमेदवार दक्षिणेतील शाळांत रुजू झाले आणि बदलीची मागणी करू लागले. महाराष्ट्रात २०२५ मध्ये आश्रमशाळांतील रोजंदारी कर्मचाऱ्यांनी नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयासमोर ‘बिऱ्हाड आंदोलन’ केले. बाह्यस्रोत कंपनीमार्फत भरतीला त्यांचा विरोध होता. त्याची चर्चा वेतन आणि कायम नोकरीपुरती राहिली. पण वर्षानुवर्षे तासिकेवर राबणाऱ्यांत स्थानिक बोली जाणणारे आदिवासी तरुण असतात आणि कंत्राटदाराच्या निकषांत त्या जाणतेपणाला गुण नसतात, हा मुद्दा मुलांच्या बाजूने अधिक महत्त्वाचा होता.

दिनदर्शिकेचेही तसेच. सातपुड्यात होळी हा वर्षातला सर्वात मोठा सण. काठीची राजवाडी होळी पाहायला दूरदूरचे लोक जातात, त्याआधी भोंगऱ्या बाजार भरतात. मुले घरी जातात ती आठवडाभर परतत नाहीत आणि हजेरीपटावर अनुपस्थितीचे शेरे पडतात. नेमका तोच परीक्षेचा हंगाम असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ नुसार शैक्षणिक दिनदर्शिका ठरवण्याचे काम स्थानिक प्राधिकरणाचे आहे. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, गणवेशातील मुलांचे तारपा नृत्य बसवणाऱ्या यंत्रणेला होळीची सुट्टी चार दिवस वाढवून दिवाळीची तेवढी कमी करण्यासाठी मंत्रालयाच्या परवानगीची वाट पाहावी लागू नये.