आडनांवाचा धागा

दोन अपरिचित गृहस्थ आगगाडींत शेजारीं बसले, कीं पहिला प्रश्न गांवाचा आणि दुसरा आडनांवाचा, हा आपल्याकडील जुना शिरस्ता आहे. आडनांव जुळलें, म्हणजे तत्काळ आप्तभाव उत्पन्न होतो. मग गोत्र, कुलस्वामी व मूळ पुरुष यांची चौकशी होते, आणि पुष्कळदां शेवटीं असें निष्पन्न होतें, कीं आडनांवावांचून उभयतांत समान असें कांहींच नाहीं. प्रवासांत या चुकीनें कोणाचें बिघडत नाहीं. परंतु जुनीं दप्तरें आणि विद्वानांचे ग्रंथ यांच्या बाबतींत हीच चूक घडली, तर एकाच्या जन्माचे श्रम दुसऱ्याच्या खातीं जमा होतात. हें कसें घडतें, तें एका सुप्रसिद्ध आडनांवाच्या उदाहरणानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें आडनांव म्हणजे राजवाडे.

राजवाडे म्हटलें, कीं प्रथम इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हेच डोळ्यांपुढें उभे राहतात, आणि तें यथायोग्यच आहे. गांवोगांव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवर वाळवीच्या तोंडीं पडलेलीं रुमालें सोडवून त्यांनीं कागद जमविले. त्यांतून १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड निघाला, व पुढें खंडांची संख्या बावीसपर्यंत गेली. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीं स्थापन झालें, तें त्यांच्याच पुढाकारानें. १९२६ च्या डिसेंबरअखेर त्यांचें देहावसान झालें आणि त्यांचा संग्रह धुळें येथें त्यांच्याच नांवाच्या संशोधन मंडळांत राहिला.

या इतिहासाचार्यांना एक वडील बंधु होते, हें मात्र थोड्यांच्या ध्यानांत असतें. त्यांचें नांव वैजनाथ काशिनाथ. हे संस्कृताचे गाढे पंडित. यास्काचार्यांचें निरुक्त, म्हणजे वेदांतील कठीण शब्दांची व्युत्पत्ति सांगणारें प्राचीन शास्त्र, हाच त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय. त्यांनीं संपादिलेलें निरुक्त पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९४० सालीं प्रसिद्ध केलें.

आतां गंमत पाहावी. मराठींत थोरले ‘वै. का.’ आणि धाकटे ‘वि. का.’, दोघांमध्यें अंतर काय तें दोन मात्रांचें व एका वेलांटीचें. इंग्रजी आद्याक्षरांत तर तेंही उरत नाहीं, दोघेही ‘व्ही. के. राजवाडे’! पुस्तकांच्या सूची पुष्कळ ठिकाणीं रोमन लिपींत असतात, आणि संगणकावर शोध करणारा विद्यार्थी हींच आद्याक्षरें घालून पाहतो. त्याच्यापुढें पानिपतचीं पत्रें आणि यास्काचें निरुक्त एकाच माळेंत येऊन उभीं राहतात.

यावर कोणी म्हणेल, सालांवरून उलगडा व्हावयास नको काय? इतिहासाचार्य १९२६ सालीं वारले. मग १९४० चा ग्रंथ त्यांचा कसा? परंतु येथेंही एक फसगत आहे. इतिहासाचार्यांनीं स्वतः भाषाशास्त्राचा मोठा व्यासंग केला होता. ज्ञानेश्वरींतील मराठी भाषेचें व्याकरण त्यांनीं लिहिलें. त्यांचे धातुकोश आणि व्युत्पत्तिकोश तर त्यांच्या पश्चात्‌च छापून निघाले. तेव्हां निरुक्तही त्याच पेटींतून निघालें असावें, असा समज होणें अगदीं स्वाभाविक आहे. चूक जितकी संभाव्य दिसते, तितकी ती अधिक टिकते.

त्यांतच टीपेमध्यें नुसतें ‘राजवाडे म्हणतात’ एवढेंच लिहिण्याची संवय. वैदिक विषयावर हे शब्द आढळले, तर तिसरेही एक राजवाडे विचारांत घ्यावे लागतात. ते म्हणजे नासदीय सूक्तावर भाष्य करणारे अहिताग्नि शंकर रामचंद्र राजवाडे (१८७९ ते १९५२). या तिघांची विचारसरणी निरनिराळी. एकाचें मत दुसऱ्याच्या तोंडीं घालणें हा दोघांवरही अन्यायच होय.

याच्या उलट प्रकारही पाहण्यासारखा आहे. अठराशें सत्तावन्नच्या धामधुमींत ग्वाल्हेर दरबारचे दिवाण सर दिनकरराव हेही राजवाडेच. परंतु इंग्रजी कागदांत त्यांचा उल्लेख बहुधा नुसता दिनकरराव असाच येतो. आडनांवाचा धागा धरून गेलेल्यास ते हातीं लागणें कठीण. म्हणजे हा धागा परक्यांना एकत्र बांधतो आणि आपल्या माणसाला सोडून देतो!

पेशवाईच्या दप्तरांत तर ही अडचण पावलोपावलीं येते. तेथें ‘बाळाजी जनार्दन’ म्हणजे नाना फडणीस, ‘हरि बल्लाळ’ म्हणजे हरिपंत फडके, ‘परशराम रामचंद्र’ म्हणजे परशुरामभाऊ पटवर्धन. नांव आणि बापाचें नांव, एवढीच ओळख. पुन्हां नानांचें मूळ आडनांव भानु. फडणिशी हा हुद्दा होता, त्याचेंच पुढें आडनांव झालें. इचलकरंजीकरांचे मूळ पुरुष नारो महादेव जोशी. सेनापति संताजी घोरपडे यांच्या आश्रयानें ते पुढें आले आणि धन्याविषयींच्या कृतज्ञतेनें त्यांनीं घोरपडे हेंच आडनांव घेतलें. तेव्हां कागदांत घोरपडे दिसला, कीं तो मराठा कीं ब्राह्मण, हेंही आधीं ठरवावें लागतें.

आडनांव हें दार दाखवितें. आंत कोण राहतो, तें सांगत नाहीं. तें सांगावयास स्वतःचें नांव, बापाचें नांव, गांव आणि साल, या चार गोष्टी लागतात. शाळेच्या हजेरीपटावर चार जोशी असले, म्हणजे मास्तर पुरें नांव पुकारतो. नाहीं तर एकाची गैरहजेरी दुसऱ्याच्या माथीं बसते. संशोधकानें याहून कमी काळजी घेऊन कसें चालेल?

आमच्या वाचकांच्या घरींही जुन्या पेट्या असतील. त्यांतील पत्रांवर ‘ती. दादा’, ‘चि. बाळ’, ‘सौ. वहिनी’ एवढेंच लिहिलेलें असतें. आज घरांतील वडील मंडळींना ते दादा कोण, तें ठाऊक आहे. आणखी वीस वर्षांनीं कोणास विचारणार? म्हणून सुटीच्या दिवशीं घरांतील शिकल्यासवरल्या मुलांनीं आजीजवळ बसावें, पेटी उघडावी, आणि प्रत्येक पत्रासोबत एका वेगळ्या चिठीवर त्या चार गोष्टी टिपून ठेवाव्या. मूळ कागदावर शाई लावूं नये.

एकत्र कुटुंबांत थोरल्या भावानें मुकाट्यानें केलेलें काम सहसा हिशेबांत येत नाहीं, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. परंतु निरुक्ताच्या मुखपृष्ठावर तरी वैजनाथरावांचें पुरें नांव वाचावें, एवढें ऋण आपणांकडे खास आहे.