लग्नाची डीव्हीडी एडिटिंगला घेताना

लग्नाच्या जुन्या डीव्हीडीतली फक्त सप्तपदी कापून घ्यायची, तर डिस्क संगणकात घालून भागत नाही. आत 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर दिसतं आणि त्यात व्हीओबी फाइलींचे तुकडे. प्रत्येकाची मर्यादा साधारण १ जीबी. ती भरली की मंगलाष्टक चालू असलं तरी तुकडा तिथेच तुटतो. म्हणून मेकएमकेव्हीसारख्या प्रोग्रॅमने सगळं सलग एका फाइलमध्ये उतरवून घेतलेलं बरं. यात चित्र पुन्हा दाबलं जात नाही, दर्जा जसाच्या तसा राहतो.

खरी गोम पुढे आहे.

डीव्हीडीवरचं चित्र एमपेग-२ पद्धतीने दाबलेलं असतं. भारतातल्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असतात, पण पूर्ण चित्र साधारण अर्ध्या सेकंदाला एकदाच साठवलेलं असतं. मधल्या चौकटींत नुसती बदलांची नोंद. त्यामुळे नेमक्या जागी कापताना आजूबाजूच्या चौकटींचा हिशेब लावावा लागतो. प्रोरेस या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये रूपांतर केलं, की प्रत्येक चौकट स्वतंत्र होते. फाइल मात्र चांगलीच फुगते.

दुसरी अडचण इंटरलेसिंगची. ५७६ ओळींपैकी सम आणि विषम ओळी एक-पन्नासांश सेकंदाच्या फरकाने टिपलेल्या असतात. संगणकाच्या पडद्यावर अक्षता टाकणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात, ते यामुळेच. हँडब्रेक या प्रोग्रॅममधला डीइंटरलेसचा पर्याय ते घालवतो.

डिस्क अडकत असेल, तर ती मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे.