आखातात निघण्याआधी छातीचा एक्स-रे



बाबासाहेब १९१३ साली बोटीने न्यूयॉर्कला गेले ते शिकायला. आज आपल्या वस्त्यांतली मुले विमानाने दुबई, दोहा, रियाध, मस्कतला जातात ती बहुतेक राबायला. कोणी वेल्डर, कोणी प्लंबर, कोणी ड्रायव्हर, कोणी हॉटेलात मदतनीस. त्यात कमीपणा काही नाही. पण राबायला जाणाऱ्याचे भांडवल म्हणजे त्याचे शरीर, आणि आपल्याकडे त्या शरीराची तपासणी होते सगळ्यात शेवटी. आधी एजंटला पैसे जातात, मग बायकोचे दागिने गहाण पडतात, मग मेडिकल. हा क्रम उलटा करा, एवढ्यासाठी आम्ही या वेळचे आरोग्याचे पान घेतले आहे.

आखाती सहकार्य परिषदेचे देश सहा आहेत. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान आणि बहरैन. तिथे कामाला जाणाऱ्याची इथेच तपासणी होते. जुनी माणसे तिला अजून 'गामका' म्हणतात, आता त्या व्यवस्थेचे नाव 'वाफिद' आहे. ऑनलाइन स्लिप काढायची आणि मान्यताप्राप्त केंद्रात जायचे. कतारच्या वर्क व्हिसासाठी मुंबईत वेगळे कतार व्हिसा सेंटर आहे, मेडिकल तिथेच होते. तपासतात काय? छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया, साखर, लघवी, रक्तदाब, नजर. बायकांची गरोदरपणाची चाचणीही होते. निकाल ऑनलाइन नोंदला जातो, 'फिट' किंवा 'अनफिट'.

आपल्या लोकांचे घोडे अडते ते एक्स-रेवर.

दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, एक खिडकी, तीही गटाराकडे. अशा घरात क्षयरोग, म्हणजे टीबी, एकाला झाला की दुसऱ्याला लवकर गाठतो. औषध पूर्ण घेतले की टीबी बरा होतो, हे आम्ही क्षयरोगाच्या वॉर्डात वर्षानुवर्षे पाहिले आहे. बऱ्या झालेल्या माणसापासून कोणाला लागण होत नाही. पण भाजलेली जखम भरल्यावर कातडीवर वण राहतो, तसा फुफ्फुसावरही वण राहू शकतो आणि एक्स-रेत तो पांढरा दिसतो. आखाती देशांच्या नियमात जुना, वाळलेला वणही चालत नाही. औषधोपचार पूर्ण झाल्याचा दाखला आणि थुंकीचा निर्दोष रिपोर्ट टेबलावर ठेवला तरी बहुतेक वेळा शिक्का 'अनफिट'चाच बसतो. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून जास्त राहण्याच्या व्हिसासाठीही भारतीयांचा एक्स-रे काढतात. पण तिथे डाग संशयास्पद वाटला तर थुंकी कल्चरला पाठवतात. निकाल यायला दोनेक महिने जातात, आणि जंतू नसल्याचे सिद्ध झाले की वाट मोकळी होते. आमच्या मते हीच रीत शास्त्राला धरून आहे. आखातातला नियम अन्यायाचा आहे. पण तो बदलेपर्यंत आपल्या पोराने त्यासाठी कर्ज काढून बसू नये.

आमच्या ओळखीच्या एका वस्तीत असा एक प्लंबर आहे. पंधराव्या वर्षी टीबी झाला, गोळ्या नीट घेतल्या, बरा झाला, विसरूनही गेला. तिशीत कुवेतचे काम आले. आईने बचत गटातून उचलले, बाकीचे सावकाराकडून घेतले, असे दीड लाख रुपये जमवून एजंटच्या हातावर ठेवले. मेडिकलमध्ये अनफिट ठरला. एजंट म्हणाला, पैसे प्रोसेसिंगला गेले. तो पोरगा आजही दिवसभर पाइप वाकवतो, जिने चढतो, खोकत नाही. फक्त हप्ते फेडतो.

म्हणून कोणालाही एक रुपया देण्याआधी जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जा आणि छातीचा एक्स-रे काढून घ्या. खर्च नाममात्र असतो. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की आखातात जायचे आहे, जुना डाग दिसतो का ते बघा. लहानपणी घरात कोणाला टीबी होता का, हे आईला विचारा. आपल्या घरांत हा आजार लपवायची सवय आहे, विशेषतः मुलीचा, लग्न मोडेल म्हणून. हा प्रश्न विचारताना लाज नको.

डाग निघाला तर 'साफ करून देतो' म्हणणारे भेटतील. कोणी गोळ्या विकतो, कोणी 'सेंटरमध्ये आपली ओळख आहे' म्हणतो. वण कोणत्याही गोळीने जात नाही. आणि इथे कसेबसे फिट करून घेतले तरी तिथे उतरल्यावर राहण्याचा परवाना मिळण्याआधी पुन्हा मेडिकल होते. त्यात सापडलेल्याला परत पाठवतात. तिकीट गेले, नोकरी गेली, कर्ज तेवढे राहिले.

दुसरी अडचण कावीळ बी. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात बाळांना ही लस देशभर मिळू लागली ती २०११ च्या सुमारास. म्हणजे आज नोकरीच्या वयात असलेल्या बहुतेकांना ती मिळालेली नाही. आधी रक्त तपासा. निगेटिव्ह असेल तर लस घ्या. तीन डोस असतात, पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. आधीच लागण असेल तर लसीचा उपयोग नाही. अशा वेळी यकृताची तपासणी करून डॉक्टरांच्या नजरेखाली राहावे.

'अनफिट'चा कागद फाडून टाकू नका. माणूस घरी येतो, दोन दिवस जेवत नाही आणि कागद चुलीत घालतो. पण कित्येकदा आजार पहिल्यांदा कळतो तो त्याच कागदावरून. टीबी चालू असेल तर सरकारी केंद्रात औषध मोफत आहे, साधारण सहा महिन्यांचे, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. एचआयव्ही निघाला तर सरकारी समुपदेशन केंद्रात पुन्हा तपासणी करून घ्या. औषध मोफत मिळते आणि ते नियमित घेणारा माणूस पुढची कित्येक वर्षे काम करतो. २०१७ च्या कायद्याने ही माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. एजंटने ती वस्तीत बोलून दाखवली तर तो कायदा मोडतो.

शरीर ठीक निघाले, तर आता कागद. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर'चा शिक्का असतो. तो कमीपणाचा नाही, संरक्षणाचा आहे. या पासपोर्टवर आखातासह १८ देशांत कामाला जाताना सरकारच्या उत्प्रवासन कार्यालयाची मंजुरी लागते. त्यासाठी करार दाखवावा लागतो आणि प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावीच लागते. हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर १० लाख रुपये मिळतात. परवानाधारक एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, तेही पावती देऊन. त्याचा परवाना ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पावती मागितल्यावर जो चिडतो, त्याच्याकडून उठून या.

'आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देतो' हे वाक्य ऐकले की सावध व्हा. त्या वाटेने मंजुरी नाही, विमा नाही, आणि पोलिसांनी पकडले तर गुन्हेगार तुम्हीच. आमच्या भगिनींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. ईसीआर पासपोर्टवर घरकामाला जाणाऱ्या बाईचे वय किमान ३० पूर्ण हवे. विशीतल्या मुलीला जो घरकामाचे आमिष दाखवतो, तो तिला याच चोरवाटेने नेणार. नर्सिंग केलेल्या मुलींनाही २०१५ पासून या देशांसाठी मंजुरी लागते, पासपोर्ट कोणताही असो.

बॅग भरताना आई-मावशींना एक विनंती. मसाल्यात खसखस घालू नका. आपल्याकडे ती मटणाच्या वाटणात, लाडवात, अनारशावर असते. पण ती अफूच्या बोंडातली बी आहे. अमिराती, सौदी आणि कतारमध्ये तिला बंदी आहे आणि पुडी सापडली तर अमली पदार्थाचा गुन्हा लागू शकतो. गुटखा आणि पानही नको. औषधांचेही तसेच. ट्रामाडोलची दुखण्यावरची गोळी, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, झोपेची अल्प्राझोलम किंवा डायझेपाम, या इथे सहज मिळणाऱ्या गोष्टी तिथे कडक नियंत्रणाखाली आहेत. त्या परवानगीशिवाय नेऊ नका. रक्तदाब, साखर, थायरॉइडची औषधे मूळ पाकिटातच न्या. सोबत डॉक्टरांची सही-शिक्क्याची चिठ्ठी असावी आणि तिच्यावर कंपनीचे नाव नव्हे, औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. दुसऱ्याचे पार्सल तर घेऊच नका, सख्ख्या नातेवाइकाचे असले तरी. २०१९ साली मुंबईच्या एका जोडप्याला नात्यातल्याच बाईने दिलेल्या पुडक्यापायी कतारमध्ये १० वर्षांची शिक्षा झाली होती. सुटून यायला त्यांना २०२१ उजाडले.

आता ऊन. आपला वैदर्भीय भाऊ म्हणेल, चंद्रपूरच्या मे महिन्यात वाढलेल्याला उन्हाचे काय सांगता. चंद्रपूरचे ऊन कोरडे, घाम लगेच वाळतो आणि अंग थंड होते. आखाताच्या किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये हवा दमट असते. घाम नुसता निथळतो, वाळत नाही, म्हणून अंग आतून तापत जाते. नव्या उष्णतेची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, आणि जास्त धोका त्याच पहिल्या दिवसांत असतो. नवा माणूस आपण कमी नाही हे दाखवायला जातो आणि कोसळतो. पहिल्या आठवड्यात जमेल तितके बेताने घ्या. तहान लागण्याची वाट न बघता दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. घाम फार गेला तर ओआरएस घ्या, एनर्जी ड्रिंक नको.

भर दुपारी उघड्यावर काम करून घेणे तिथल्या कायद्यानेच बंद आहे. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन, कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन. मुकादमाला हे माहीत असते, तुम्हालाही माहीत असावे.

लघवीचा रंग रोज बघा. फिकट असेल तर ठीक. गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे. चहाच्या कोऱ्या पाण्यासारखी तपकिरी झाली तर काम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि अंग दुखते म्हणून रोज डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन खाऊ नका. पाणी कमी पडलेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडावर घाव घालतात. आखातातून परतलेल्या तरुणांची मूत्रपिंडे निकामी झालेली नेपाळच्या डॉक्टरांनी पाहिली आहेत. घरी पैसे पाठवता पाठवता शेवटी डायलिसिसच्या खुर्चीत बसायची वेळ कोणावर येऊ नये.

सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, चक्कर येऊन पडला तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. ॲम्ब्युलन्स अमिरातीत ९९८, सौदीत ९९७, कतारमध्ये ९९९. दोन्ही देशांत, सौदीत आणि अमिरातीत, कामगाराचा आरोग्य विमा मालकाने काढायचा असतो. ते कार्ड पहिल्याच महिन्यात मागून घ्या.

खोलीतले जग वेगळे. एका खोलीत आठ-दहा माणसे, त्यात आपल्याच देशातले कोणी तिथेही आडनाव विचारून ताट बाजूला सरकवतात. समुद्र ओलांडला तरी जात बॅगेतून जातेच. याने मन खचते, झोप उडते, भूक मरते. हाही आजारच आहे, तो अंगावर काढू नये. आठवड्यातून एकदा तरी घरच्यांशी 'पैसे पोचले का' याच्या पलीकडे बोला. आखातातल्या मोठ्या शहरांत आपले बांधव आहेत, १४ एप्रिल साजरा करतात, त्यांच्याशी निघण्याआधीच ओळख काढा. सौदीत दुसऱ्या धर्माची उपासना उघड्यावर चालत नाही, तिथे वंदना आपल्या बिछान्यावर, मनातल्या मनात.

निघण्याआधी सरकारचे एक दिवसाचे मोफत प्रशिक्षण मुंबईत मिळते, ते चुकवू नका. तक्रार किंवा चौकशीसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा भारतातून मोफत क्रमांक १८०० ११ ३०९०. तिथे अडचणीत सापडलेल्याला भारतीय दूतावासाच्या कल्याण निधीतून तिकिटाची, आणि वाईट प्रसंगी मृतदेह परत आणण्याची मदत होते.

विम्यावर वारस म्हणून बायकोचे किंवा आईचे नाव आधार कार्डाप्रमाणे अचूक लिहिले आहे का, ते विमानतळावर नव्हे, घरी बसून वाचा. माणूस गेल्यावर घरच्यांना विमा होता हेच ठाऊक नसते, असे आम्ही पाहिले आहे. पासपोर्ट, व्हिसा, करार, विम्याचा कागद आणि एजंटची पावती, सगळ्याची एक झेरॉक्स घरच्या ट्रंकेत, एक फोटो बायकोच्या मोबाइलमध्ये. तिला वाचता येत नसेल तर रविवारी विहारात घेऊन या, आपल्या शिकलेल्या मुली वाचून दाखवतील आणि कोणता कागद कशाचा ते वर पेनने लिहूनही देतील.